अडीच गुणांचं अंतर

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पुण्यात राज्यसेवेची (एमपीएससी) तयारी करतो. यंदा मी पूर्वपरीक्षा निघाले, तो अडीच गुणांनी राहिला. यादीत त्याचा नंबर नाही हे पाहून क्षणभर मला बरं वाटलं, तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटते. माझी मुख्य परीक्षेच्या सरावाची उत्तरं तोच तपासतो, पण हल्ली लाल पेनानं पानं भरून टाकतो. भांडणात ‘लेडीज कटऑफवर निघालीस’ म्हणतो. काय करू?

उत्तर : त्या क्षणाचं आधी. नोट्स एक, मेस एक, टेस्ट सिरीज एक. इतकी वर्षं एकाच रांगेत उभं राहिल्यावर ‘या वेळी मागे राहणारी मी नाही’ म्हणून जीव सुटतोच. हे त्याला सांगू मात्र नका. तुमचं मन हलकं होईल आणि ओझं त्याच्या डोक्यावर जाईल.

पूर्वच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीला अर्धा वजा. म्हणजे अडीच गुण हा उत्तरपत्रिकेवर रंगवलेल्या एका गोळ्याचा फरक. त्याला हे पाठ असणार, म्हणून तर जास्त झोंबतं. महिलांचा कटऑफ वेगळा लागतो, तेव्हा त्याचं म्हणणं कदाचित खरंही असेल. त्यावर वाद घातलात तर रात्र आरक्षणावर जाईल. ‘राहिल्याचं फार लागलंय ना?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड आहे.

उत्तरं तपासून घेणं आजपासून बंद. मुख्य आता वर्णनात्मक आहे, गुणांत धरले जाणारे सात पेपर प्रत्येकी 250 चे. अशा उत्तरांना गोळ्यासारखी एकच बरोबर जागा नसते, त्यामुळे तपासणाऱ्याच्या मनातलं शेऱ्यांत उतरतं. वह्या एखाद्या सीनिअरकडे द्या. त्याला अपमान वाटेल, तरी आडून सुचवू नका, सरळ सांगा : ‘तुझ्या लाल पेनाची भीती वाटायला लागलीय.’ फारच वाटलं तर आठवड्याला एक निबंध, पेन्सिलनं, गुण न देता.

अभ्यासिका वेगळ्या घ्या. दुसरी फी जड जाईल, पण दिवसभर एकमेकांची पानं मोजणं थांबेल. निकाल ज्यानं त्यानं एकट्यानं पाहायचा, नातेवाइकांचे फोनही आपापल्या निकालापुरतेच घ्यायचे.

त्याच्या पुढच्या प्रयत्नाचं तुमची मुख्य झाल्यावर, तारीख ठरवून बोला. खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत आयोग थांबा म्हणत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं. परीक्षा द्यायची की नोकरी बघायची, हे त्यानं ठरवावं. किती वर्षं आणि महिन्याला किती रुपये, हे दोघांनी.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तरी विचारते. त्याच्या बरोबरीला यायला तुमचाच अभ्यास ढिला पडतोय का? निकालाआधीच्या पंधरा दिवसांत घड्याळ लावून किती उत्तरं लिहिलीत आणि गेल्या पंधरा दिवसांत किती, मोजा. आकडा निम्म्यावर आला असेल तर अभ्यासिका उद्याच बदला, पहिल्या तारखेची वाट पाहू नका.