परीक्षा जवळ आली की बाटल्या येतात

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या टपालाचा विषय बदलतो. तोवर गुडघे, केस गळणं आणि पित्त. तिथून पुढे फेब्रुवारीपर्यंत फक्त मुलं आणि त्यांच्या परीक्षा. मी औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. आता मिरजेत सकाळचा दवाखाना चालवते आणि दुपारी तुमची पत्रं वाचते. या वेळच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘नैसर्गिक’ हा शब्द होता, म्हणून त्याच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत.

मुलगा बारावी विज्ञानला आहे. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही म्हणतो. रात्री दोनपर्यंत वाचत बसतो, सहाला क्लास असतो. परीक्षा सहा आठवड्यांवर आली. शेजारच्या वहिनींनी ब्राह्मी-शंखपुष्पीचं सिरप सांगितलं, मेडिकलवाल्याने वर ब्राह्मीच्या कॅप्सूल दिल्या. गुण वाढतील का? आणि नैसर्गिक आहे म्हणजे अपाय तर नाही ना?
— एक आई, बार्शी

ताई, गुण वाढतील असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही. पण म्हणून ब्राह्मी हे थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. या वनस्पतीवर बऱ्यापैकी काम झालंय. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्या अर्कावर वर्षानुवर्षं प्रयोग झाले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी प्रौढांवर चाचणी झाली. काहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिला, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. नवं शिकण्याचा वेग आणि शिकलेलं टिकणं यांत फरक दिसला, तो बाराव्या आठवड्याला. त्याच सुमारास आणखी एका चाचणीत अर्क एकदाच देऊन दोन तासांनी तपासणी केली होती. तिथे काहीच फरक आढळला नाही. म्हणजे पेपरच्या सकाळी चमचाभर सिरप पाजणं हा निव्वळ धार्मिक विधी झाला.

तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. बरोबर सहा आठवड्यांचा एक प्रयोग आपल्याकडे वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाच्या ६० विद्यार्थ्यांवर झाला आणि २०१६ मध्ये छापून आला. दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम अर्क होता आणि काही चाचण्यांत सुधारणा दिसली. हे वाचून हुरळून जाऊ नका. विद्यार्थी थोडे, काळ थोडा, आणि मोजली ती चाचणीतली स्मरणशक्ती. विद्यापीठाच्या परीक्षेचे गुण कुणी मोजले नव्हते. शिवाय वापरला होता तो एका ठरावीक पद्धतीने काढलेला, घटक मोजलेला अर्क. तुमच्या घरच्या बाटलीत काय आहे? अशा बऱ्याच सिरपांत मुख्य घटक साखरेचा पाक असतो.

आणखी एक अडचण आहे. ही संशोधनं झाली ती नीरब्राह्मीवर: ओलसर जागी पसरणारी, बारीक जाड पानांची, निळसर पांढऱ्या फुलांची. आपल्याकडे नर्सरीत आणि बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून मिळते ती पुष्कळदा मंडूकपर्णी असते, गोल पानांची. तीही औषधी आहे, पण एकीचे निष्कर्ष दुसरीला चिकटवता येत नाहीत. शंखपुष्पीच्या नावाखाली तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आपली गोकर्णसुद्धा.

अपायाचं म्हणाल तर ब्राह्मीने मोठं नुकसान होत नाही. पण पोटात मुरडा येणं, मळमळ आणि जुलाब हे तिचे नोंदवलेले त्रास आहेत. ते कुठल्या आठवड्यात परवडतील ते तुम्हीच ठरवा. मुलगा फिटची, थायरॉइडची किंवा कसलीही रोजची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

आता पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात: रात्री दोन ते सहा. या वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. चार तास झोपणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी आठवत नाही यात नवल काय?

दुसरं, तो वाचतो कसा ते बघा. तेच पान चार वेळा वाचत असेल तर थांबवा. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग झाला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. आजपासून वही मिटून लिहायला लावा आणि अकराला दिवा घालवा. या सहा आठवड्यांत मी एवढंच लिहून देईन. सिरप आणलंच आहे तर फेकू नका म्हणावं, इतकी मी कडक नाही; पण दुसरी बाटली आणू नका.

मी १९ वर्षांची, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, संभाजीनगरला हॉस्टेलवर राहते. सारखी दमलेली असते. जिना चढताना धाप लागते, लेक्चरला डोळे मिटतात, बर्फ खावासा वाटतो. आई म्हणते बीटाचा रस घे, गूळ-खजूर खा. मैत्रीण म्हणते अश्वगंधा घे. काय घेऊ?
— एक विद्यार्थिनी

बाळ, आधी काहीच घेऊ नकोस. रक्त तपास. हिमोग्लोबिन आणि जमलं तर फेरिटिन, म्हणजे साठवणीतलं लोह. बर्फ खावासा वाटतो हे तू लिहिलंस म्हणून बरं झालं. ते बहुतेक मुली लाजून सांगत नाहीत. लोह कमी असताना बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. तुझ्या वयाच्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली त्यात सापडल्या. लेक्चरला झोपणाऱ्या मुलींना आळशी म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी हा आकडा स्टाफरूममध्ये लावावा.

बीट लाल असतं, रक्त लाल असतं, यापलीकडे त्या दोघांचं फारसं नातं नाही. बीटात लोह अगदी थोडं. गूळ कुठला, कसा केलेला यावर त्यातलं लोह ठरतं आणि त्या भरवशावर ॲनिमिया काही जात नाही. अळीव, राजगिरा, पालेभाज्या, कडधान्यं, खात असशील तर अंडी-मटण हे चांगलं. वर लिंबू पिळ, आवळा खा. त्याने अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा मात्र बंद. चहा लोहाला आतड्यातच धरून ठेवतो. मेसमध्ये जेवून तडक टपरीवर जायची पद्धत असेल तर तेवढी मोड.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच मातीतली आहे. ‘धनशक्ती’ नावाचा बाजरीचा वाण आहे, जास्त लोह असलेला, महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास आला. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचं त्यामागे काम. जनुकं बदललेला वगैरे नाही, साध्या निवडीतून तयार केलेला. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने बाजरी खायला घातली: काहींना ही, काहींना नेहमीची. ज्यांच्यात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांची ती कमतरता भरून निघण्याचं प्रमाण धनशक्ती खाणाऱ्यांत जास्त, सुमारे १.६ पट होतं. पुढे त्यांतल्याच १४० जणांच्या लक्ष देण्याच्या आणि आठवण्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तिथेही धनशक्तीवाली मुलं पुढे होती. ब्राह्मीच्या जाहिराती भिंतीभिंतीवर दिसतात आणि या भाकरीचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, कारण भाकरीची बाटली करता येत नाही.

पण तुझं हिमोग्लोबिन नऊ-दहा निघालं तर भाकरीने भागायचं नाही. गोळ्या लागतील आणि त्या महिनोन् महिने घ्याव्या लागतील. शाळेत आठवड्याला एकदा निळी गोळी मिळायची ती आठवते का? लोह आणि फॉलिक ॲसिडची. बहुतेक मुली ती खिडकीबाहेर टाकतात. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. मळमळलं तर डॉक्टरांना दिवसाआड घेऊ का विचार. स्वित्झर्लंडमधल्या तरुण बायकांवरच्या अभ्यासात दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह अधिक शोषलं गेलं होतं. पाळीत किती जातं, जंताची गोळी शेवटची कधी घेतली, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. कारण न शोधता नुसतं लोह ओतत राहिलं तर गोळ्या थांबल्या की पुन्हा तेच.

अश्वगंधेचं खाली, दुसऱ्या पत्रात लिहिलंय.

परीक्षेच्या दिवसांत मुलांना रात्री हळदीचं दूध देते. मेंदूला चांगलं असतं ना?
— सांगली

दूध चांगलं. हळदीतला ज्यावर एवढं संशोधन होतं तो कर्क्युमिन हळदीत जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलाही फारच थोडा रक्तात पोचतो. बंगळूरच्या १९९८ च्या अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर दिल्यावर तो कितीतरी पट वाढला, पण तिथे दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन होतं, चिमूटभर हळद नव्हे. मुलांना आवडत असेल तर द्या. सांगलीत राहता, तर हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या पिवळ्याधमक पुडीत शिशाचा रंग मिसळल्याची उदाहरणं आहेत, आणि शिसं मुलांच्या मेंदूला नक्कीच वाईट.

मी बी.ए.एम.एस. तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्रांनी ठरवलंय की पहिल्या वर्षाच्या २० मुलांना दोन महिने ब्राह्मी द्यायची आणि आधीच्या व नंतरच्या चाचणीचे गुण मांडायचे. आयुर्वेदाला पुरावा नाही म्हणणाऱ्यांना उत्तर मिळेल. मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्साह आवडला. आराखडा नाही आवडला.

तीच मुलं दुसऱ्यांदा तशीच चाचणी देतील तेव्हा सरावानेच गुण वाढतील. ब्राह्मीऐवजी चुरमुरे दिलेत तरी वाढतील. म्हणून दुसरा गट हवा, कुणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही ठाऊक नसायला हवं, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरायला हवं. वर नैतिकता समितीची मान्यता आणि सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत नाव. पहिल्या वर्षाचं पोर तिसऱ्या वर्षाच्या दादाला नाही म्हणू शकतं का, हा प्रश्न समिती विचारेल. तिने नाही विचारला तर तुम्ही विचारा.

पुरावा उभा करायचा कसा, हे शिकायला तुम्हाला लांब जायला नको. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिली, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. १९५२ मध्ये त्याच मुळातून रेसर्पीन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. जगभर वापरलं गेलं, आणि मग काही रुग्णांना त्याने खोल नैराश्य येतं असे अहवालही आले. औषधाचा गुण आणि दोष एकाच मुळातून आले, आणि दोन्ही कळले ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

गुळवेलीचंही असंच. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएममध्येच अवरोधी काविळीच्या, म्हणजे पित्ताची वाट अडून होणाऱ्या काविळीच्या, शस्त्रक्रियेआधी ३० रुग्णांच्या अभ्यासात गुळवेल वापरून पाहिली. १९९३ च्या त्यांच्या लेखात गुळवेल मिळालेल्यांत जंतुसंसर्ग कमी आणि जगण्याचं प्रमाण जास्त दिसलं. कोरोनाच्या वर्षी मात्र लोक घरोघरी काढे उकळत बसले, आणि त्याच मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती नेमकी गुळवेलच होती हे तपासलेलं नाही. आक्षेप रास्त आहे. पण तोच आक्षेप मग गुळवेलीने बरं वाटलं म्हणणाऱ्यांनाही लागू होतो, नाही का?

तेव्हा चाचणीच्या मागे लागू नका. दोन महिन्यांत तुमच्या हातून खरं उपयोगी काम होईल ते वेगळं: नाशिकच्या बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून मिळणारे दहा-बारा नमुने आणा, वनस्पतीशास्त्राच्या सरांना सोबत घ्या, त्यांत नीरब्राह्मी किती ते ओळखा. कुणाला काही पाजायचं नाही. आणि सीसीआरएएसची, म्हणजे केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची, ‘स्पार्क’ ही शिष्यवृत्ती खास बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांच्या अशा छोट्या संशोधनासाठीच आहे. तिचा अर्ज भरा.

मुलगा एम.एस. करायला डेन्मार्कला गेलाय. ताण फार आहे म्हणतो. इकडून अश्वगंधा चूर्ण पाठवू का?
— एक वडील, कोल्हापूर

नका पाठवू. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली आहे. पार्सल अडकेल आणि मुलाचा ताण वाढेल. त्यांची भीती मुख्यतः थायरॉइड आणि इतर संप्रेरकांवरच्या परिणामाची. मला ती बंदी जरा जास्तच वाटते. आपल्याकडे २०१२ मध्ये ६४ ताणग्रस्त प्रौढांवर ६० दिवस मुळाच्या अर्काची चाचणी झाली, त्यात ताण कमी झालेला दिसला. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही जगभरातून आल्या आहेत, आणि परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलाचे डोळे पिवळे झाले तर ते बघणार कोण? वरच्या पत्रातल्या मुलीलाही माझं हेच सांगणं: ॲनिमियाचा थकवा अश्वगंधेने जात नाही, नुसता निदानाला उशीर होतो.

त्याच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची काही सोय आहे का ते त्याला विचारायला सांगा. तिकडे नोव्हेंबर-डिसेंबरात साडेतीनला अंधारतं, आपल्या मुलांना ते पहिल्या वर्षी फार जड जातं. दुपारी उजेड आहे तोवर बाहेर चालून यायला सांगा, आणि फोन तुम्ही करा. पार्सल पाठवायचंच असेल तर मेतकूट पाठवा.