इन, ऑन, ॲट आणि शेवटचा ‘एस’: बोटीवर जाऊ पाहणाऱ्या एका मुलाची भीती

“इंग्रजी समजते, लिहिताही येते, पण बोलायला लागले की इन लावू की ऑन, शेवटी एस हवा की नको, यातच अडकायला होते आणि मग गप्प बसावेसे वाटते.” रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या गावांतून समुपदेशनासाठी येणारी तरुण मुले-मुली ही अडचण वारंवार सांगतात. त्यांपैकी एकाचा अनुभव, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलगा दाभोळ खाडीच्या परिसरातला. घरातले कोणी ना कोणी बोटीवर असणे तिकडे नवलाचे नाही. यानेही जीपी रेटिंगचे, म्हणजे बोटीवरच्या सर्वसाधारण खलाशाच्या कामाचे, प्रशिक्षण पूर्ण केले होते आणि लेखी परीक्षेत त्याला चांगले गुण होते. मुलाखतीत मात्र “आय आस्क्ड टू माय फादर” हे वाक्य पुरे होण्याआधीच त्याला थांबवून दुरुस्त करण्यात आले आणि पुढच्याच वाक्यात “टेन कोकोनट” म्हटल्यावर समोरचे हसले. त्यानंतरच्या मुलाखतींना तो गेलाच नाही. मामा त्याला माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मॅडम, तोंड उघडायच्या आधीच वाटतं की आता चुकणार.”

त्याच्याजवळ एक जाडजूड वही होती. गाइडमधली शब्दयोगी अव्ययांची यादी त्याने तीत तांबड्या शाईने पुन्हा पुन्हा उतरवून काढली होती. इतक्या वेळा, की काही पानांवर शाई पाठीमागे उमटली होती. परकीय भाषा शिकतानाची चिंता ही सर्वसाधारण भित्रेपणाहून निराळी आहे, असे भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. अशी मुले पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त अभ्यास करतात आणि तरीही ऐन वेळी त्यांची वाचा बसते, हे त्यांचे निरीक्षण या वहीला तंतोतंत लागू पडत होते. अभ्यास वाढवून ही भीती जाणार नव्हती.

मी वही मिटायला सांगितली आणि घराविषयी इंग्रजीत काहीही बोलायला सांगितले. तो बोलत असताना मध्ये न थांबवता मी त्याची वाक्ये जशीच्या तशी कागदावर उतरवली आणि मग तो कागद आम्ही दोघांनी मिळून वाचला. चुका जितक्या वाटत होत्या तितक्या नव्हत्या आणि बहुतेकींचे कारण मराठीतच सापडत होते. आपण वडिलांना विचारतो, रत्नागिरीला पोहोचतो. या ‘ला’ आणि ‘ना’ची जागा भरून काढण्यासाठी तो ‘टू’ घालत होता, पण इंग्रजीत आस्क आणि रीच यांच्यापुढे येथे काहीच लागत नाही. आपण एखाद्यावर रागावतो, म्हणून तो ‘अँग्री ऑन’ म्हणत होता. तेथे ‘विथ’ हवे. ‘टेन कोकोनट’चेही तसेच: मराठीत एक नारळ आणि दहा नारळ, एक फणस आणि चार फणस, रूप बदलत नाही. नारळीच्या बागेत वाढलेल्या मुलाने तेथे एस विसरणे हे अडाणीपणाचे लक्षण मुळीच नाही, हे मी त्याला आवर्जून सांगितले.

याच कागदावर ‘इन्फॉर्मेशन्स’ आणि ‘लगेजेस’ हेही शब्द होते, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटले. मराठीत कोणी ‘दोन माहित्या’ म्हणत नाही, त्यामुळे ही चूक मराठीतून आलेली नव्हती. एस राहिला म्हणून एकदा हसू झाल्यावर तो भीतीपोटी दिसेल त्या नामाला एस चिकटवू लागला होता. त्याला हे दाखवल्यावर तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. इंग्रजी नामाविषयी शंका आली की मराठीत ती गोष्ट एक, दोन, तीन अशी मोजता येते का ते आधी पाहावे, असा एक आधार आम्ही ठरवला. तो सगळीकडे पुरत नाही. आपल्याकडे सल्ल्याचे सल्ले होतात, पण इंग्रजीतल्या ‘ॲडव्हाइस’ला एस लागत नाही. असे मोजके अपवाद वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

वेळेच्या बाबतीत मराठीचा उलट फायदाच झाला. पाच वाजता, सोमवारी, जूनमध्ये असे तीन वेगळे प्रकार आपण सहज वापरतो आणि इंग्रजीतही तेथे ॲट, ऑन, इन असे तीन वेगळे शब्द येतात. सकाळी आणि रात्री यांपाशी मात्र ही जोडी सुटते, कारण इंग्रजीत सकाळला ‘इन द मॉर्निंग’ आणि रात्रीला ‘ॲट नाइट’ म्हणतात.

पुढच्या भेटींत सुटे नियम बाजूला ठेवून आम्ही त्याच्या कामातले शब्दगट घेतले: ऑन बोर्ड, ॲट अँकर, इन पोर्ट. असा गट अखंड पाठ असला की आतला छोटा शब्द निवडत बसावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेली जहाजांवरील संवादाची प्रमाण वाक्येही मुद्दाम सोप्या आणि ठरावीक रचनेची ठेवलेली आहेत, जेणेकरून वेगवेगळ्या देशांच्या खलाशांना ती चटकन कळावीत. बोटीवर अलंकारिक इंग्रजी नव्हे तर असे स्पष्ट इंग्रजी लागते, हे कळल्यावर त्याच्या मनावरचा ताण बराच हलका झाला.

‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही, तरी ‘डिस्कस अबाउट’ तो अजूनही म्हणतो. अर्थ पोहोचतो, म्हणून ते मी सध्या तसेच राहू दिले आहे. आधी आणि नंतर, वर आणि खाली, कुठून आणि कुठे, हे दाखवणारे शब्द बदलले तर कामच बदलते, म्हणून सराव आधी त्यांचा चालू आहे. मध्यंतरी तो एका मुलाखतीला जाऊन आला. निकाल यायचा आहे, पण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने उत्तर दिले.

घरात असे मूल असेल, तर मामा-काकांनी आणि शिकवणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. त्याचे वाक्य मध्येच तोडू नये; ते पूर्ण झाल्यावर तेच वाक्य आपण बरोबर रूपात, बोलण्याच्या ओघात, पुन्हा म्हणावे. “आय रीच्ड टू दापोली” असे तो म्हणाला, तर “ओह, यू रीच्ड दापोली! व्हेन?” असे विचारावे आणि पुढचे बोलणे त्याला करू द्यावे.