व्यावसायिक लॉन मोअरसाठी मल्चिंगचे पाते कसे निवडावे?

केवळ डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या आवरणाच्या, रुंदीवरून पाते मागवू नये. जुने पाते काढून एका धारेच्या टोकापासून समोरच्या धारेच्या टोकापर्यंत तिरकस मोजावे आणि मधले छिद्र गोल आहे की चांदणीसारखे, हे काटेकोरपणे जुळवावे, कारण ढिले बसलेले पाते जीवघेणे ठरू शकते. मल्चिंगचे वक्र पाते कापलेले गवत डेकखालीच फिरवत ठेवून पुन्हा पुन्हा बारीक करते. म्हणून गवत कोरडे असेल आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापायचे नसेल, तरच ते घ्यावे. ओल्या, माजलेल्या गवताचे गोळे डेकला चिकटून बसतात. तिथे, माझ्या मते, हाय-लिफ्ट, म्हणजे हवेच्या जोराने गवत वर ओढून बाहेर फेकणारे, पातेच बरे. धार लावल्यावर पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर आडवे टांगावे आणि जी बाजू झुकेल, तीच आणखी थोडी घासावी.