पोफळ हॉलमध्ये जगेल का?

प्रश्न: ताई, आम्ही गुहागरचे. वाडीतलं पोफळीचं, म्हणजे सुपारीचं, रोप कुंडीत लावून हॉलमध्ये ठेवलंय, पण पानांची टोकं करपतायत नि पानाखाली बारीक जाळी दिसते. काय करू?

उत्तर: जाळी म्हणजे बहुतेक लाल कोळी ही बारीक कीड, पंख्याखालच्या कोरड्या हवेत तो येतोच. रोप अंगणात नेऊन पानं खालच्या बाजूने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, तीन-चार दिवसांनी परत, मग खिडकीजवळ भरपूर उजेडात ठेवा, आणि बशीत पाणी साचू देऊ नका. करपलेली टोकं कापा हवी तर, शेंडा मात्र नको, पोफळीला कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. खरं सांगू, पोफळ वाडीतच शोभते. हॉलसाठी नर्सरीतला अरेका पाम आणा, मूळचा मादागास्करचा, बुंध्यातून फुटवे येतात म्हणून कुंडी भरलेली दिसते.