आईने कॅमेऱ्यावर रुमाल टाकलाय

फोनवर ताईंचं पहिलंच वाक्य होतं, "आईने कॅमेऱ्यावर रुमाल टाकलाय, आता मी काय करू सांगा." ताई नोकरीमुळे लांब, आई ८१ वर्षांच्या, घरात एकट्या, खूप थकलेल्या. (ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि दोघींना विचारूनच लिहितेय.) घरीच असलेल्या, थकलेल्या लोकांना फोन, व्हिडिओवरून आधार देणाऱ्या टीममध्ये मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला सारखा येतो, की बीपीचं मशीन दिलं, कॅमेरा लावला, डॉक्टर व्हिडिओवर आहेत, नर्स फोन करते, तरी आई साथच देत नाही, मग लांबून असं बघणं खरंच जमतं का की आपल्याच मनाची समजूत?

जमतं. पण या केसमध्ये ते का जमत नव्हतं ते सांगते.

पहिला कॉल तिघींचा होता. स्क्रीनवर आजींचं (ताईंच्या आईंना मी आजी म्हणते) फक्त कपाळ आणि वरचा पंखा. मी काही विचारलं की उत्तर ताई द्यायच्या, झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का, सगळं ताईच. आजी दोनदा बोलल्या आणि दोन्ही वेळा "मी बरी आहे" एवढंच. आमच्या क्षेत्रात व्यक्तिकेंद्री हा शब्द मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या कामातून रुळला, आणि त्याचा साधा अर्थ मी असा घेते की ज्याचं शरीर आहे त्याच्याशी बोला, त्याच्याबद्दल नको. इथे तर आम्ही आजींच्या देखत आजींबद्दलच बोलत होतो. म्हणून ताईंना म्हटलं, आजींची हरकत नसेल तर पुढचा कॉल मी त्यांच्याशी एकटीने करते. ताईंना ते लागलं असणार, थोडा वेळ गप्प होत्या, पण हो म्हणाल्या.

दुसऱ्या कॉलला मी खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे माझे ओठ दिसतील. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकदा आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात, त्यामुळे ओरडून उपयोग नसतो, खालच्या पट्टीत सावकाश बोलावं लागतं. म्हटलं, "आजी, आज बीपी विचारणार नाही. पूर्वी रोज करायचात आणि आता होत नाही असं काय आहे?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "फाटकापर्यंत जात नाही गं मी आता. दोन पायऱ्या आहेत." फाटकाशी बाकडं आहे, संध्याकाळी शेजारच्या बाई तिथे येऊन बसतात. का जात नाही, तर उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. लेकीला सांगितलं का? "सांगितलं तर ती मला इथे राहू देईल का?"

हे मला खूप घरांत दिसतं. आईवडील लपवतात ते हट्टाने नाही, घर सुटेल या भीतीने लपवतात.

मग त्यांनी आपणहून बीपीची वही कॅमेऱ्यासमोर धरली. रोज १३०/८०, सगळी पानं १३०/८०. पट्टा एका हाताने बांधता येत नव्हता, आणि एकदा खरोखर १६० आलं ते कळवलं तर त्या रात्री लेकीचे चार फोन आले, तेव्हापासून आजी मनानेच आकडा लिहायच्या. डॉक्टर बिचारे तोच आकडा बघून गोळ्या आहेत तशाच चालू ठेवत होते!

आजींना विचारलं, अंधारीचं डॉक्टरांना सांगू का, तर म्हणाल्या सांग, पण लेकीला मी सांगेन. त्याच आठवड्यात नर्स घरी गेली, कारण हे काम फोनवर करायचं नाही, जवळ माणूस हवाच. पाच मिनिटं आडवं करून बीपी घेतलं, १४६. उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घेतलं, ११८ वर आलेलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते लक्ष देण्यासारखं असतं, चक्कर आणि पडणं यातूनच होऊ शकतं. मग व्हिडिओवर डॉक्टरांसमोर गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स पलंगावर मांडल्या, सात प्रकार निघाले, आणि त्यातलं एक बीपीचं औषध दोन वेगळ्या डॉक्टरांकडून दोन वेगळ्या नावांनी चालू होतं. डॉक्टरांनी त्या दोनांतलं एक बंद केलं. (कृपा करून हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.)

अंधारी कमी झाली तरी पायांत जोर नव्हता. २००१ मध्ये वृद्धांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेल्टीच्या म्हणजे या थकलेपणाच्या पाच खुणा मांडल्या, नकळत वजन उतरणं, सतत दमल्यासारखं वाटणं, हाताची पकड कमी होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं, यातल्या तीन असल्या की माणूस फ्रेल धरतात. आजींच्यात चार होत्या. पण हे वय झालं म्हणून सोडून द्यायचं नसतं. फिजिओने पहिल्यांदा घरी येऊन आणि मग व्हिडिओवर खुर्चीतून उठण्याचा व्यायाम घेतला, खुर्ची भिंतीला टेकवलेली, शेजारच्या बाई बाजूला उभ्या. सुरुवातीला हात टेकूनही तीनदाच जमायचं. आम्ही ध्येय लिहिलं "फाटकापर्यंत", बीपी नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. सात आठवड्यांनी आजी काठी घेऊन, शेजारच्या बाईंचा हात धरून दोन पायऱ्या उतरल्या.

आता रुमाल. कॅमेरा पलंगासमोर होता आणि लावताना आजींना कुणी विचारलंच नव्हतं. "कपडे बदलताना काय करू मी?" एवढंच त्या म्हणाल्या. ताई हे ऐकून रडल्या. मी त्यांना दोष देत नाही, रात्री दोन वाजता जाग आल्यावर लांब असलेल्या लेकीला काय वाटतं ते मला माहीत आहे.

लांबून होत नाही असंही बरंच असतं. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, छातीत दुखणं, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्यावर पडणं, यात व्हिडिओ कॉल करत बसायचं नाही, लगेच ॲम्ब्युलन्स. हे मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवलंय.

कॅमेरा काढला. त्याऐवजी काय ते आजींनीच सुचवलं, रोज सकाळी आठच्या आत ताईंना मिस्ड कॉल, साडेआठपर्यंत आला नाही तर ताई शेजारच्या बाईंना सांगणार, किल्ली त्यांच्याकडे असते. मध्ये एकदा आजी विसरल्या, बाई धावत आल्या, आजी चिडल्या, ताई घाबरल्या, तिघींची फोनवर चांगलीच वादावादी झाली. दुसऱ्या दिवशी आजींनी फोन बेसिनशेजारच्या फळीवर ठेवला, दात घासून झाले की मिस्ड कॉल.