जुनी पेट्रोल गाडी घेतली, आठवड्यात चेक इंजिन लाइट लागली, कोड पी०१७१. मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतोय, बदलू का? तोवर गाडी चालवली तर चालेल का?

नका बदलू. मी बदललाय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

माझीही सेकंडहँड गाडी आणि कोडही हाच. सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं की आरपीएमचा काटा वरखाली, सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगला थरथर, आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काही तक्रारच नाही. हे मी मेकॅनिकला तीनदा सांगितलं. त्याने स्कॅनर लावला, कोड वाचला आणि दोन मिनिटांत ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय म्हणून मोकळा झाला, बॉनेट उघडलंसुद्धा नाही. सेन्सर बदलला, कोड पुसला, लाइट गेली, पाचव्या दिवशी परत हजर. मग म्हणे एअरफ्लो सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा. तोही बदलला, आठ दिवसांनी परत तेच. तिसऱ्यांदा गेलो तर फ्युएल पंपावर आला.

यावरून माझं आणि मोठ्या मेहुण्यांचं चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर सेन्सर दाखवतोय तर तू कुठला मोठा शहाणा, पंप बदल आणि विषय संपव.

अहो पण कॉम्प्युटर सेन्सर दाखवतच नव्हता! पी०१७१ चा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ते भरून काढायला कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, त्यालाच फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि हे वाढवणं साधारण २०-२५ टक्क्यांच्या आसपास गेलं की लाइट लावतो (नेमकी मर्यादा गाडीगणिक वेगळी). म्हणजे बिचारा ऑक्सिजन सेन्सर खरं तेच सांगत होता आणि आपण त्यालाच काढून फेकला.

शेवटी ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर घेतला, डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटात लावला आणि फोनवर आकडे बघत बसलो. आयडलला, म्हणजे रेस न देता गाडी उभी असताना, लाँग टर्म ट्रिम (बऱ्याच काळात जमलेली दुरुस्ती) +२२ टक्के. रेस देऊन २५०० आरपीएमला धरली तर +५. पंप कमजोर असता तर उलटं झालं असतं, रेस दिल्यावर आकडा वाढला असता. आयडलला जास्त आणि रेसला कमी म्हणजे एअरफ्लो सेन्सर आणि इंजिन यांच्या मधून कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. मग एकेक होस चाचपत गेलो. पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतली वाफ परत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) होस वरून अगदी ठणठणीत दिसत होता, पण खालच्या अंगाला बोट लावलं तर तेलाने फुगून लिबलिबीत झालेला, आणि जरा वाकवला तर नखाएवढी चीर उघडली. चिरेवर अंगठा दाबला, इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे बदलला आणि फोनवर शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाचा आकडा) खाली यायला लागला. अख्ख्या प्रकरणात बदलायची वस्तू ती एवढीच होती.

तर तुम्हीही आधी हे आकडे बघा. सेन्सरचाच संशय असेल तर गरम इंजिनावर जोरात रेस द्या, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.८-०.९ ला पोचत असेल तर तो जिवंत आहे (काही गाड्यांत एअर-फ्युएल रेशो सेन्सर असतो, त्याला हा हिशोब लागू नाही). पी०१३५ असता तर गोष्ट वेगळी, तो सेन्सरच्या हीटरचा कोड आहे, तिथे वायरिंग आणि फ्यूज तपासून सेन्सर बदलायला माझी हरकत नाही. आणि कोड पुसायची घाई नको, फ्रीझ फ्रेमचा (कोड लागला त्या क्षणाच्या आकड्यांचा) फोटो काढून ठेवा, पुसलं की तीही जाते.

घेताना लाइट नव्हती आणि आठवड्यात लागली म्हणताय, तर विकणाऱ्याने कोड पुसूनच गाडी दाखवली असण्याची दाट शक्यता आहे. पुढच्या वेळी रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणारी यादी) बघा, बरेचसे अपूर्ण दिसले की समजायचं नुकतंच काहीतरी पुसलंय. बॅटरी काढली तरी तसंच दिसतं म्हणा.

हां, एक राहिलं, तुमच्या गाडीत एअरफ्लोऐवजी मॅप सेन्सर (हवेऐवजी इनटेकमधला दाब मोजणारा) असेल तर हवा गळत असूनही ट्रिम एवढा वाढत नाही, उलट आयडलचा आरपीएम चढलेला दिसतो. चालवायचं म्हणाल तर लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर थोडे दिवस चालेल. ब्लिंक करायला लागली तर मात्र मिसफायर आहे, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाहीये, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल, तिथेच थांबवा.

मेकॅनिकला एकच विचारा, आयडलला ट्रिम किती आहे? आकडा सांगता येत नसेल तर गाडी त्याच्याकडे टाकू नका, घरातलं कोणी काहीही म्हणो. आमचे मेहुणे अजून म्हणतात की सेन्सर नवीन टाकले म्हणूनच गाडी सुधारली. दोन्ही नवे सेन्सर बसलेले असतानाच ट्रिम +२२ होता, आणि होस बदलल्यावर दोन दिवसांत +३ वर आला.