डेल्फी ७ मधलं चालू सॉफ्टवेअर 'मेलेली भाषा' म्हणून टाकून द्यावं का?

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या युनिटमध्ये स्टोअर-डिस्पॅचचं, डेल्फी ७ मध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या जुन्या टूलमध्ये) लिहिलेलं सॉफ्टवेअर नीट चालतंय. नवा व्हेंडर म्हणतो, डेल्फी मेली, सगळं रिअ‍ॅक्ट-नोडमध्ये (वेब सॉफ्टवेअरच्या आजच्या टूल्समध्ये) करू. ऐकावं का?

'मेली' हे बाजाराचं म्हणणं. २००६ साली डेल्फीची मूळ कंपनी बोरलँडने डेव्हलपर टूल्स विकायला काढली आणि लोकांनी डेल्फीचं तेरावं उरकूनच टाकलं. प्रत्यक्षात २००८ मध्ये एम्बार्काडेरो कंपनीने ती घेतली, डेल्फी २००९ मध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांचा अक्षरसंच) आलं, २०११ च्या एक्सई२ आवृत्तीत ६४-बिट कंपायलर (कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारा भाग) आला. पण तोवर नवी पोरं मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेकडे वळली होती. (सी-शार्प रचणारा अँडर्स हेल्सबर्ग मूळचा डेल्फीचाच, हीही एक गंमत.) टूल राहिलं, माणसं आटली. बाजाराचं मत चुकीचं असलं तरी त्याचं बिल तुम्हालाच येतं, ते असं.

नाशिकमध्ये हे बिल दोन्हीकडून येतं. डेल्फीवाला एकच, त्याचा फोन लागला नाही की डिस्पॅच अडलं. रिअ‍ॅक्टवाली पोरं सहज मिळतात, पण वर्षभरात पुण्याला जातात. म्हणून 'माणूस मिळेल का' एवढंच विचारू नका. तो गेल्यावर दुसरा किती दिवसांत काम उचलेल, ते बघा.

त्याची परीक्षा सोपी आहे. कोऱ्या पीसीवर सोर्सवरून (मूळ कोडवरून) बिल्ड करायला, म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा तयार करायला लावा. थर्ड पार्टी कंपोनंटच्या (बाहेरून घेतलेल्या तयार भागांच्या) नुसत्या डीसीयू, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइल्स हाती असतील, सोर्स नसेल, तर त्या डेल्फीच्या दुसऱ्या आवृत्तीत चालणार नाहीत. डेटा पॅराडॉक्स या जुन्या डेटाबेसमध्ये असेल तर बीडीई (प्रोग्रॅमला डेटाशी जोडणारा बोरलँडचा भाग) आपली नेट कंट्रोल फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी लिहायला जातं आणि साध्या यूजरला परवानगी नसल्याने एरर येते. बीडीई अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये नेट डिर बदलून सगळ्या मशिनवर एकच शेअर फोल्डर द्या.

देवनागरी हवी असेल तर मात्र अपग्रेड टळत नाही. डेल्फी ७ ची स्ट्रिंग (मजकूर साठवण्याचा प्रकार) युनिकोडआधीची, अ‍ॅन्सी आहे, पार्टीचं नाव मराठीत टाकलं की प्रश्नचिन्हं उमटतात. २००९ पासून एक कॅरेक्टर दोन बाइटचं झालं, आणि पहिला फटका पीसीला जोडलेल्या वजनकाट्याला बसतो: सीरियल पोर्टवरून येणारे बाइट थेट स्ट्रिंगमध्ये घेतले असतील तर वजनाच्या जागी कचरा दिसतो. तिथे अ‍ॅन्सीस्ट्रिंग किंवा बाइट अ‍ॅरे लिहावा लागतो. डेल्फीची फुकटची कम्युनिटी एडिशन वर्षाला ५,००० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीला चालत नाही. लायसन्सचे पैसे धरून चाला.

माझं मत: आधी डेटा पोस्टग्रेएसक्यूएल या आजच्या डेटाबेसमध्ये हलवा. त्यावर मालकांचे रिपोर्ट आणि ग्राहकांना दिसणारा भाग वेबवर करा, काट्याचा स्क्रीन डेल्फीतच राहू द्या. व्हेंडर 'लेटेस्ट' म्हणाला की गूगलचं वेब टूल अँगुलरजेएस आठवा: एकेकाळी सगळे तेच मागायचे, गूगलने ३१ डिसेंबर २०२१ ला सपोर्ट थांबवला. करारात सोर्स तुमच्या गिटमध्ये (कोड साठवण्याच्या जागेत), डेटाबेसचा आराखडा आणि बिल्डच्या पायऱ्या लिहून घ्या, शेवटचा हप्ता त्यावरच सोडा.

दोन्ही सॉफ्टवेअर एक पूर्ण महिना समांतर चालवा. फक्त मार्च टाळा. स्टॉकमोजणी आणि नवं सॉफ्टवेअर एकदम आलं की फरक मोजणीत आहे की प्रोग्रॅममध्ये, ते सापडत नाही.